राजवाड्याच्या आवारातली झाडे कशी नोंदवावीत

वीस वर्षांनी एखादी अनोळखी व्यक्ती तुमचा तक्ता घेऊन आवारात आली, तर तिला ३७ क्रमांकाची बकुळ सापडेल का? तुम्ही जिथे टेप लावली होती तिथेच तिला टेप लावता येईल का? आणि बकुळ पडून गेली असेल तर ती नेमकी कुठे उभी होती हे कळेल का? नोंद कशी करायची हे ठरवताना हे तीन प्रश्न समोर ठेवा. झाडांची नावे लिहिलेली यादी एका सकाळीत होते, पण ती या तिन्ही प्रश्नांना तोंड देऊ शकत नाही.

हा लेख महाराष्ट्रातल्या जुन्या राजवाड्यांच्या आवारांसाठी आहे. मोठ्या वाड्यांच्या बागांनाही तो जवळपास तसाच लागू पडेल.

पहिली पायरी: परवानगी आणि नकाशा

राजवाड्याची मालकी एकसारखी नसते. कोल्हापूरच्या नवीन राजवाड्यात एका भागात संग्रहालय आहे आणि एका भागात राजघराण्याचे वास्तव्य. पुण्याचा आगाखान पॅलेस आणि शनिवारवाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत येतात. काही राजवाडे न्यासांकडे आहेत, तर काहींमध्ये शाळा नाहीतर सरकारी कचेऱ्या भरतात. त्यामुळे लेखी परवानगी कोणाकडून घ्यायची हे आधी शोधा, आणि पत्रात चार गोष्टी स्पष्ट मागा: कोणत्या वेळात फिरता येईल, छायाचित्रे घेता येतील का, ओळख पटवण्यासाठी लहान डहाळी तोडता येईल का, आणि खासगी भागातली झाडे यादीत घ्यायची का. डहाळीचा मुद्दा बहुतेक जण विसरतात आणि मग पहारेकऱ्याशी वाद होतो. ड्रोनचा विचार पहिल्या फेरीत करूच नका. त्याची परवानगी वेगळी असते, शिवाय दाट छताखालचे खोड वरून दिसत नाही.

नकाशासाठी नगर भूमापन कार्यालयातून मिळकतीच्या नकाशाची प्रत घ्या. त्यावर इमारती आणि हद्द असते, झाडे नसतात. आपल्याला तेवढेच हवे. उपग्रह प्रतिमा जोडीला ठेवा, पण तिच्यावर भिंतीच्या रेषा थोड्या सरकलेल्या असू शकतात. पायाभूत नकाशा भूमापनाचाच धरा.

आता आवाराचे विभाग पाडा. विभागांच्या सीमा कायमच्या गोष्टींवर बेताव्यात: तट, फरसबंद वाट, हौद, जोते, कारंजे. फुलांच्या ताटव्याची कड किंवा मेंदीचे कुंपण सीमा म्हणून चालत नाही. पुढच्या माळ्याने कुंपण दोन हात सरकवले की सगळा विभाग सरकतो.

दुसरी पायरी: क्रमांक

सगळ्या आवाराला एकच सलग क्रमांकमालिका द्या. विभागवार १, २, ३ सुरू केले की 'ख विभागातला ७' आणि 'ग विभागातला ७' यांची छायाचित्रे हमखास एकमेकांत मिसळतात. दिलेला क्रमांक परत वापरायचा नाही. झाड मेले तरी क्रमांक त्याचाच राहतो. मधे एखादे झाड राहून गेले असेल तर त्याला शेवटचा पुढचा क्रमांक द्या. ३७अ, ३७ब असले प्रकार टाळा.

राजवाड्याच्या बागेत एक गोष्ट साध्या वृक्षगणनेपेक्षा वेगळी असते, ती म्हणजे रचना. पामची दुतर्फा रांग, चौकाच्या चार कोपऱ्यांतले चार चाफे, कारंज्याभोवतीचे वर्तुळ. त्यामुळे खुंट आणि रिकाम्या जागा यांनाही क्रमांक द्या. रांगेत झाडे सहा-सहा मीटरवर आहेत आणि मधेच एकदा बारा मीटरचे अंतर आहे, तर तिथे एक झाड होते असे मानायला जागा आहे. 'रिकामी जागा, रांगेवरून अनुमान' अशी नोंद करा. उद्या कोणी रांग पुन्हा भरायची म्हटली तर हीच नोंद कामी येईल. वाटेच्या एका बाजूला अकरा आणि दुसऱ्या बाजूला नऊच झाडे असतील तर समोरासमोर जोड्या लावून बघा. हरवलेली दोन कुठली होती ते बहुधा कळते.

कोणते झाड मोजायचे याची मर्यादाही आधी ठरवा. घेर ३० सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर स्वतंत्र नोंद आणि त्याहून लहान असेल तर विभागवार संख्या, हा नियम सोयीचा आहे. मुद्दाम लावलेले झाड मात्र लहान असले तरी स्वतंत्र नोंदवा. दर्शनी चौकातला मनगटाएवढा सीताअशोक, तटालगत आपोआप उगवलेल्या सुबाभळीच्या रांगेपेक्षा महत्त्वाचा आहे.

झाडावर क्रमांक कसा लावायचा? खिळा नको. खिळ्याच्या जखमेतून कूज शिरू शकते, आणि खोड वाढत गेले की पाटी सालीत गिळली जाते. तार घट्ट बांधली तर ती खोडाला करकचून आवळते. एक मीटरपेक्षा कमी घेराच्या खोडाला ताणून मोठी होणारी स्प्रिंगची कडी आणि अॅल्युमिनियमची कोरलेली पाटी चालते. मोठ्या वृक्षांना पाटी लावूच नका, त्यांची ओळख जागेवरून आणि छायाचित्रावरून पटायला हवी. ऑइलपेंटने आकडा लिहिला तर अर्जुन, पेरू, निलगिरी ही झाडे साल टाकतात, तिच्याबरोबर आकडाही जातो.

तिसरी पायरी: जागा

मोबाइलमधले जीपीएस उघड्या आकाशाखाली साधारण पाच मीटरच्या आत जागा दाखवते. वडाच्या दाट छताखाली किंवा उंच भिंतीलगत चूक दहा मीटरच्याही वर जाऊ शकते. दोन चाफे तीन मीटरवर असतील तर नुसत्या जीपीएसवरून कोणता कोणता ते सांगता येणार नाही. अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत लिहा (पाचवे स्थळ म्हणजे सुमारे एक मीटर). सात-आठ दशांश लिहून अचूकता वाढत नाही, नुसती वाढल्यासारखी वाटते.

खात्रीचा मार्ग जुनाच आहे. इमारतीचे किंवा हौदाचे दोन पक्के कोपरे निवडा आणि दोन्हींपासून खोडाच्या मध्यापर्यंतचे अंतर लांब टेपने मोजा. 'हौदाचा ईशान्य कोपरा ८.४० मीटर, जोत्याचा आग्नेय कोपरा १२.१५ मीटर, झाड वाटेच्या पूर्वेला.' शेवटचे तीन शब्द गाळू नका. दोन अंतरांवरून काढलेली वर्तुळे दोन ठिकाणी छेदतात, त्यामुळे बाजू लिहिली नसेल तर झाड भलत्या जागी पडते.

चौथी पायरी: घेर, उंची, विस्तार

भारतीय वनविभागांच्या पद्धतीत छातीच्या उंचीचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घेतात. काही देशांत तो १.३ मीटरवर घेतात. कोणती उंची वापरली ते तक्त्याच्या शिरोभागी लिहून ठेवा. दर वेळी टेपने उंची मोजण्यापेक्षा १.३७ मीटरची वेळूची काठी कापून घ्या. ती बुंध्याला टेकवायची आणि वरच्या टोकाशी टेप लावायची. टेप फायबरग्लासची घ्या, पाच मीटरची एक आणि तीस मीटरची एक. शिवणकामाची कापडी टेप ओली झाली की ताणली जाते.

टेप खोडाला काटकोनात असावी. तिरकी गेली की घेर नेहमी जास्तच भरतो, कमी कधीच नाही. त्यामुळे दोनदा मोजून वेगळे आकडे आले तर कमी आकडा बहुधा खरा असतो. वेल चढली असेल तर तिच्या दांड्याखालून टेप सरकवा. पिंपळाच्या खोडाला खोल पन्हाळी असतात. टेप उंचवट्यांवरून ताणून न्या, खाचांत दाबू नका.

नियम सरळ खोडांसाठी आहेत आणि जुन्या बागेत सरळ खोडे कमीच. नवखा माणूस अडतो तो इथे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

उतारावरचे झाड: काठी वरच्या बाजूला टेकवा.

कललेले झाड: १.३७ मीटर खोडाच्या लांबीवर मोजा आणि टेप खोडाच्या अक्षाला काटकोनात ठेवा.

१.३७ मीटरच्या खाली फुटलेले झाड: प्रत्येक खोडाचा घेर वेगळा लिहा. एकच आकडा हवा असेल तर वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा. १२० आणि १६० सेंटिमीटरच्या दोन खोडांचा एकत्रित घेर २०० येतो. सरळ बेरीज करून २८० लिहिणे ही तक्त्यांत वारंवार दिसणारी चूक आहे.

१.३७ मीटरवरच गाठ किंवा फुगवटा असेल तर त्याच्या खाली जिथे खोड नेहमीसारखे होते तिथे मोजा आणि ती उंची लिहा. सावरीसारख्या झाडाच्या बुंध्याशी आधारमुळांचे पंखे असतात. तिथे पंखे संपतात त्याच्या वर मोजावे लागते. गोरखचिंचेचे खोड तर रांजणासारखे असते आणि तिचा घेर दर हातभर उंचीवर बदलतो. तिथे मोजणीची उंची लिहिली नसेल तर आकड्याला अर्थच राहत नाही.

वडासाठी वेगळा तपशील लागतो. मूळ खोड अजून ओळखू येते का, आले तर त्याचा घेर, जमिनीत रुजलेल्या आणि २० सेंटिमीटरपेक्षा जाड पारंब्यांची संख्या, आणि सगळ्या पसाऱ्याची दोन दिशांतली लांबी. मूळ खोड आणि पारंब्या एकमेकांत मिसळून गेल्या असतील तर सगळ्याला मिळून टेप लावा, पण 'संयुक्त' असा शेरा हवाच. दोन राजवाड्यांतल्या वडांच्या घेरांची तुलना फसते ती याच शेऱ्याअभावी. झाडाला पार बांधलेला असेल तर मोजणी पारावरून केली की जमिनीपासून, हेही लिहा.

पामचे गणित निराळे. रॉयल पाम वयाबरोबर जाड होत राहत नाही, त्यामुळे घेरावरून वाढ कळत नाही. त्याच्या स्वच्छ खोडाची उंची, म्हणजे जमिनीपासून हिरव्या मानेपर्यंतची, मोजा. आणि हो, माळी ज्याला 'बॉटल पाम' म्हणतात तो बऱ्याच ठिकाणी रॉयल पामच असतो. खरा बॉटल पाम बुटका आणि बुडाशी सुरईसारखा फुगलेला असतो. सायकस दिसायला पामसारखा असला तरी पाम नव्हे. बांबूची काठी न् काठी मोजू नका. बेटाचा परीघ, जिवंत काठ्यांचा अंदाज आणि फुलोरा आला आहे का, एवढे पुरे.

उंचीसाठी क्लिनोमीटर किंवा कोन दाखवणारे मोबाइल अॅप घ्या. झाडाच्या उंचीइतके तरी लांब उभे राहा, जवळून मोजले की शेंड्याऐवजी पुढे आलेली फांदी दिसते आणि उंची वाढते. डोळ्यापासून शेंड्याचा वरचा कोन आणि बुंध्याचा खालचा कोन घ्या. समजा अंतर २० मीटर, वरचा कोन ३८ अंश, खालचा ४ अंश. दोन्हींच्या टॅन किमती ०.७८ आणि ०.०७, बेरीज ०.८५, गुणिले २०, म्हणजे १७ मीटर. उपकरण नसेल तर डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढे अंतर तेवढीच काठी हात लांबवून उभी धरा आणि मागे सरकत जा. काठीचे खालचे टोक बुंध्याशी आणि वरचे शेंड्याशी जुळले की तिथून झाडापर्यंतचे अंतर म्हणजे झाडाची उंची. कललेल्या झाडाची उंची कलण्याच्या दिशेला काटकोनात उभे राहून घ्या. उंची अर्ध्या मीटरपर्यंत लिहा, त्यापुढचे आकडे खोटे असतात.

विस्तार, म्हणजे फांद्यांचा पसारा, दक्षिणोत्तर आणि पूर्वपश्चिम, दोन्ही वेगवेगळे लिहा. सरासरी नंतर काढता येते. भिंतीमुळे एका बाजूला आखडलेले झाड सरासरीत दिसत नाही.

तिघांचा गट असावा: एक टेप धरणारा, एक लिहिणारा, एक छायाचित्रे घेणारा. लिहिणाऱ्याने आकडा मोठ्याने परत म्हणायचा. पहिल्या दिवशी वीस-पंचवीस झाडे झाली तरी भरपूर.

पाचवी पायरी: ओळख

इथे मराठी नावांवर विसंबलात तर फसाल. आवारात 'चाफा' म्हणून दाखवलेली झाडे पाहा. सोनचाफा मॅग्नोलिया चंपका. देवचाफा किंवा पांढरा चाफा प्लुमेरिया, जो मुळात अमेरिकेचा. नागचाफा मेसुआ फेरिया. हिरवा चाफा ही आर्टाबोट्रिस नावाची वेल. भुईचाफा तर आल्याच्या कुळातला कंद. नावात चाफा असला तरी ही पाचही नावे पाच वेगळ्या वंशांतली आहेत.

'अशोक' हा दुसरा सापळा. बहुतेक बागांत जो उंच, निमुळता, लोंबत्या नागमोडी पानांचा असतो तो खोटा अशोक, म्हणजे आसुपालव. सीताअशोकाचे पान संयुक्त असते, एका दांड्यावर पर्णिकांच्या जोड्या असतात, आणि केशरी-लाल फुलांचे गुच्छ जुन्या फांद्यांवरही येतात. कैलासपतीला तर कधी नागलिंगम, कधी चक्क नागचाफा म्हणतात. खोडावरच येणारी फुले आणि तोफगोळ्यासारखी फळे दिसली की तो कैलासपती.

शास्त्रीय नाव लिहाच, पण जुन्या कागदात तेच झाड वेगळ्या शास्त्रीय नावाने असेल हे लक्षात ठेवा. सोनचाफा पूर्वी मिचेलिया होता, बाभूळ अकेशिया होती, आता ती व्हॅचेलिया झाली. खोटा अशोक पॉलिअल्थिया होता, आता मोनून. तक्त्यात 'जुने नाव' असा रकाना ठेवला तर जुन्या यादीशी ताळा करताना एकाच झाडाची दोन होत नाहीत.

उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने झडली असतील तर शेंगा मदत करतात. गुलमोहराची शेंग लांबलचक, चपटी, तलवारीसारखी. नीलमोहराची गोल, चपटी, डबीसारखी. सोनमोहराच्या तांबूस लहान शेंगा झाडावर झुबक्यांनी लटकतात. पालवी असेल तर आणखी सोपे: नीलमोहराची पाने समोरासमोर, गुलमोहराची एकाआड एक. शिरीष आणि पर्जन्यवृक्ष यांचीही गल्लत होते. शिरीषाच्या शेंगा वाळक्या गवताच्या रंगाच्या, पातळ, वाऱ्यावर खुळखुळणाऱ्या. पर्जन्यवृक्षाच्या काळपट, जाड, गरयुक्त आणि न उकलणाऱ्या.

मोबाइल अॅपने सुचवलेले नाव हा अंदाज समजा. आंबा, चिंच ओळखायला ते लागतच नाही, आणि बागेतल्या संकरित शोभेच्या झाडांवर ते सर्वांत जास्त घसरते. तक्त्यात 'ओळख कशावरून' हा रकाना ठेवा: फूल, फळ, फक्त पान, अॅप, तज्ज्ञ. 'फक्त पान' लिहिलेल्या झाडांकडे फुलोऱ्यात परत जायचे.

अडलेल्या झाडाचा शुष्क नमुना करा. फूल किंवा फळ असलेली सुमारे ३० सेंटिमीटरची डहाळी वर्तमानपत्रात पसरून दाबा, एखादे पान उलटे ठेवा म्हणजे खालची बाजू दिसेल. पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदला, पावसाळ्यात दिवसातून दोनदा, नाहीतर बुरशी धरते. फुलाचा रंग, वास, चीक आहे का, साल कशी आहे हे जागेवरच लिहा, कारण वाळल्यावर यातले काहीच उरत नाही. नमुना साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवतात. पुण्यात भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे पश्चिम क्षेत्रीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातले ब्लॅटर हर्बेरियम, या ठिकाणी ताळा करण्याजोगे संग्रह आहेत. जाण्याआधी लेखी विचारणा करा आणि नमुना फुलासह न्या. नुसती पाने नेली तर बहुधा 'फुलावर आल्यावर या' हेच ऐकावे लागेल.

हाताळताना जपा. कण्हेरीच्या दोन्ही प्रकारांचे सगळे भाग विषारी आहेत. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर डोळे भाजल्यासारखे होतात. उंच झाडाखाली टेप सोडण्यापूर्वी वर बघा: आग्या मोहोळ असेल तर ते झाड त्या दिवशी सोडून द्या.

सहावी पायरी: बागेतली बाकीची झाडे

झुडपे, वेली, कुंपणे, कुंड्या, हिरवळ. इथे एकेक रोप मोजत बसलात तर काम कधीच संपणार नाही. एकक बदला. कुंपणासाठी लांबी, उंची, रुंदी आणि कशाचे आहे (मेंदी, डुरांटा, कोयनेल). ताटव्यासाठी नकाशावरचा आकार आणि कायमची झाडे तेवढी. हंगामी फुलझाडे 'हंगामी, तारीख अमुक' इतकीच. वेलीसाठी मूळ कुठे आहे आणि ती कशावर चढली आहे. कुंड्यांसाठी संख्या आणि जात पुरते, कारण कुंड्या हलतात. मात्र कुंडी स्वतः जुनी असेल, दगडी किंवा छापाची असेल, तर तिचे छायाचित्र घ्या.

गुलाब, जास्वंद, क्रोटन, बोगनवेल यांच्या बागायती वाणांची नावे अंदाजाने लिहू नका. 'जास्वंद, एकेरी, फिकट गुलाबी, मध्य गडद' हे वर्णन चुकीच्या वाणनामापेक्षा जास्त उपयोगी आहे. आंब्याला कलमी की रायवळ हे बुंध्याजवळच्या जोडाच्या खुणेवरून बघा. जोड जुन्या झाडात झाकला गेला असेल तर 'खात्री नाही' लिहा.

जमिनीखाली काय आहे ते उन्हाळ्यात दिसत नाही. भुईचाफा, कंदवर्गीय लिली यांची कित्येकदा पहिल्या पावसानंतरच जाग येते. म्हणून वर्षात तीन फेऱ्या धरा: फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, सावर यांच्या फुलांसाठी, जून-जुलैमध्ये कंदांसाठी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेंगा-फळांसाठी. घेर मात्र एकाच फेरीत घ्या.

तटाच्या आणि भिंतींच्या सांध्यांत उगवलेले वड, पिंपळ, उंबर यांची यादी वेगळी करा. ती बागेची झाडे नाहीत, पण इमारत सांभाळणाऱ्यांना हीच यादी सर्वांत आधी हवी असते. कोणत्या भिंतीवर, जमिनीपासून किती उंच आणि मूळ बाहेर दिसते का, एवढे लिहा.

सातवी पायरी: वय

'हे झाड तीनशे वर्षांचे आहे' असे कोणीतरी सांगणारच. ते लिहून घ्या, पण 'सांगितलेले' या रकान्यात, कोण म्हणाले त्यासह (नाव नको, 'जुने माळी', 'पुजारी' इतके पुरे). 'पाहिलेले', 'कागदात आढळलेले' आणि 'सांगितलेले' हे तीन रकाने एकमेकांत कधीही मिसळू नका.

घेरावरून वय काढण्याचा मोह आवरा. हौदाच्या पाझरावर वाढलेले आणि मुरमाड कोपऱ्यातले, एकाच दिवशी लावलेले दोन आंबे घेराने दुपटीने वेगळे असू शकतात. उष्ण प्रदेशातल्या सदाहरित झाडांत वर्षवलये भरवशाची नसतात. सागात ती दिसतात, पण त्यासाठी उभ्या झाडाला भोक पाडू नका. सागाचा कापलेला खुंट मिळाला तर त्यावर मोजा.

वयाची वरची मर्यादा मात्र बऱ्याचदा पक्की सांगता येते. गुलमोहर मादागास्करचा, आणि त्याचे शास्त्रीय वर्णन झाले ते १८२०च्या दशकात. पेशवाई संपली १८१८ साली. तेव्हा 'पेशवेकालीन गुलमोहर' ही गोष्ट जमत नाही. देवचाफा, चिकू, कैलासपती, नीलमोहर, बोगनवेल ही सगळी अमेरिका खंडातून आलेली. सिल्व्हर ओक आणि निलगिरी ऑस्ट्रेलियाची. इमारतही साक्ष देते. शनिवारवाड्यातला राजवाडा १८२८च्या आगीत जळाला, त्यामुळे जुन्या दालनांच्या जोत्यांवर वाढलेले झाड त्या आगीनंतरचेच. कोल्हापूरचा नवीन राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात बांधला गेला. तशा आवारात एखादे झाड वाटेच्या रांगेत नेमके बसत असेल तर ते वाट आखल्यानंतरचे, आणि वाट मुद्दाम झाडाला वळसा घालत असेल तर झाड आधीचे, असे अनुमान धरता येते.

जुन्या छायाचित्रात झाड दिसले तर मागच्या इमारतीचा मजला मोजपट्टी म्हणून वापरा. मजल्याची उंची आज मोजा, तिच्याशी तुलना करून झाडाची तेव्हाची उंची अंदाजता येते. झाड इमारतीच्या पुढे उभे असेल तर ती थोडी जास्त भरेल हे ध्यानात ठेवा. कागदपत्रांसाठी पुणे आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांत, तसेच राजघराण्याच्या खासगी दफ्तरात 'बाग', 'माळी', 'मोट', 'कलमे' या शब्दांखालचे खर्च शोधावेत. ते मोडीत असतील, तेव्हा मोडी वाचणारा माणूस गटात असलेला बरा.

वयाला कायद्यातही वजन आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मध्ये २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा जास्त वयाच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटले आहे, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावण्याची अट घातली आहे. याच कायद्यानुसार नगरपालिका-महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते. ती यादी मागून तुमच्या यादीशी ताडून पाहा.

आठवी पायरी: प्रकृती

फक्त दिसते ते लिहा. 'झाड आजारी' हा निष्कर्ष आहे. 'बुंध्याशी उत्तरेला कंसाकार बुरशी, रुंदी २५ सेंटिमीटर' ही नोंद झाली. बघायच्या गोष्टी: पोकळ्या आणि त्यांची उंची, जुन्या काळी भरलेले सिमेंट, बुंध्यापर्यंत आलेली फरसबंदी किंवा काँक्रीट, रोषणाईच्या तारा आणि खिळे, वाळलेल्या मोठ्या फांद्या, आंब्यावरची बांडगुळे आणि त्यांची संख्या. सालीवर वाळवीची माती दिसली की लोक घाबरतात, पण ती बहुधा मेलेल्या सालीवर असते. माती खरवडून खाली जिवंत साल आहे का ते बघा. गेरू-चुन्याचा पट्टा बुंध्याच्या भेगा झाकतो, तिथे हाताने चाचपा. वाटेवर किंवा बसायच्या जागेवर झुकलेली वाळकी फांदी दिसली तर तक्ता पूर्ण व्हायची वाट न बघता त्याच दिवशी व्यवस्थापनाला लेखी कळवा.

नववी पायरी: छायाचित्रे आणि तक्ता

प्रत्येक झाडाचे पहिले छायाचित्र क्रमांकाच्या चिठ्ठीचे. मग पूर्ण झाड (बुंध्याशी दोन मीटरची काठी उभी करून), खोड आणि साल, पानाच्या दोन्ही बाजू, फूल किंवा फळ. पूर्ण झाडाचे छायाचित्र कुठून घेतले ती जागा लिहा, म्हणजे पुढच्या वेळी तिथूनच घेता येईल. फाइलचे नाव त्याच संध्याकाळी बदला: क्रमांक, भाग, तारीख. आठवड्यानंतर चारशे हिरव्या छायाचित्रांतून काही कळत नाही.

तक्त्यात एकक रकान्याच्या शीर्षकात लिहा, खणात फक्त आकडा. '२१० सेंमी.' असे खणात लिहिले की बेरीज होत नाही. काही संगणकीय तक्ते देवनागरी अंकांना मजकूर समजतात, तेव्हा आकडेमोडीच्या रकान्यांत कोणते अंक चालतात ते पहिल्याच दिवशी तपासा. रिकामा खण, शून्य आणि 'मोजता आले नाही' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर नकाशासाठी पुरेसे आहे. कागदी मूळ नोंदवह्या फेकू नका. शंका आली की खाडाखोडीसकट त्याच बघाव्या लागतात.

जाहीर करायच्या प्रतीतून चंदन आणि रक्तचंदनाची नेमकी जागा काढून टाका. ही झाडे चोरीला जातात आणि तुमचा नकाशा चोराला दारापर्यंत नेईल. पूर्ण प्रत मालक किंवा व्यवस्थापनाकडे, दुसरी एखाद्या संस्थेच्या ग्रंथालयात, आणि क्रमांकांसह छापलेला मोठा नकाशा माळ्यांच्या खोलीत भिंतीवर. झाड पडल्याची पहिली बातमी माळ्यांनाच कळते. त्यांना क्रमांक माहीत असला तर तारीखही मिळते.

फेरमोजणी पाच वर्षांनी, त्याच महिन्यात करा. मोजणाऱ्यांना जुना घेर आधी दाखवू नका, नाहीतर टेप नकळत त्या आकड्याकडे सरकते. मोजणीची उंची आणि शेरे तेवढे द्या. नवा घेर जुन्यापेक्षा कमी आला तर आधी उंची तपासा, मग टेप तिरकी होती का ते, मग साल गळली आहे का ते. तिन्ही ठीक असतील तर क्रमांक तपासा: शेजारचे झाड मोजले गेले असण्याची शक्यता बरीच असते.